जनसंपर्काची पदविका : बोलण्याआधीचा अभ्यास

पदवीची परीक्षा झाली, आता पुढे काय करावयाचे, हा प्रश्न ज्या घरांत पडतो त्या घरांतून अलीकडे एक शब्द वारंवार कानी येतो. तो शब्द म्हणजे जनसंपर्क. डॉक्टर, इंजिनिअर, वकील, शिक्षक हे पेशे आपल्याला पिढ्यान्पिढ्या परिचयाचे आहेत. त्यांच्या शिक्षणाची वाट कोठून निघते आणि कोठे जाऊन पोहोचते, हे आईवडिलांना ठाऊक असते. परंतु मुलाने किंवा मुलीने जनसंपर्काची पदविका घेण्याचा विचार बोलून दाखवला, की वडीलधारी मंडळी बुचकळ्यात पडतात. लोकांशी गोड बोलण्यासाठी परीक्षा कशाला द्यावी लागते, असे कोणी विचारतो. दुसरा म्हणतो, गोड बोलून दुसऱ्याचा माल खपवावयाचा, तर त्याला विद्या तरी का म्हणावे?

हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे टाळण्यात अर्थ नाही. मी शाळेत भाषा शिकवतो. जनसंपर्क हा माझा पेशा नव्हे. पण माझ्या वर्गातून बाहेर पडलेल्या काही मुलांनी ही पदविका घेतली आहे. त्यांच्या टिपणवह्या, स्वाध्याय आणि प्रकल्प मी आस्थेने वाचले आहेत. त्या वाचनातून या विषयाविषयी जे मत बनले, ते आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

प्रथम या शब्दाची कुळकथा पाहू. जनसंपर्क हे नाव रूढ होण्यापूर्वी पाश्चात्त्य देशांत या कामासाठी प्रॉपगंडा हा शब्द सर्रास वापरला जाई. या शब्दाचे मूळ रोममध्ये आहे. पोप पंधरावे ग्रेगरी यांनी १६२२ साली धर्मप्रसाराचे काम पाहण्यासाठी एक मंडळ स्थापन केले. त्याच्या लॅटिन नावातील हा शब्द. त्या वेळी त्याचा अर्थ निव्वळ प्रसार एवढाच होता. पुढे पहिल्या महायुद्धात दोन्ही बाजूंच्या सरकारांनी प्रचाराच्या नावाखाली खऱ्याखोट्याची अशी काही भेसळ केली, की तो शब्द कायमचा बदनाम झाला. तेव्हा एडवर्ड बर्नेज नावाच्या अमेरिकन गृहस्थाने आपल्या व्यवसायासाठी 'पब्लिक रिलेशन्स' हे नाव उचलून धरले. हे बर्नेज प्रसिद्ध मानसशास्त्रज्ञ सिग्मंड फ्रॉइड यांचे भाचे. त्यांनी १९२३ साली लोकमतावर एक पुस्तक लिहिले आणि त्याच वर्षी न्यूयॉर्क विद्यापीठात या विषयाचा वर्गही घेतला. विद्यापीठाच्या चार भिंतींत हा विषय शिकवण्याचा आरंभ साधारणपणे तेथपासून मोजतात.

याच बर्नेज यांची दुसरी एक गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याला सांगितली जाते. १९२९ साली एका सिगारेट कंपनीला स्त्रियांमध्ये आपला खप वाढवावयाचा होता. त्या काळी अमेरिकेत स्त्रीने रस्त्यावर धूम्रपान करणे अशिष्ट समजले जाई. बर्नेज यांनी ईस्टरच्या मिरवणुकीत न्यूयॉर्कच्या हमरस्त्यावर काही तरुणींना सिगारेट ओढत चालावयास लावले आणि त्या सिगारेटींना स्वातंत्र्याच्या मशाली असे नाव दिले. वर्तमानपत्रांनी ती बातमी स्त्रीस्वातंत्र्याची म्हणून छापली. तिच्यामागे कंपनीचा पैसा आहे हे वाचकांना कळले नाही. पुढे तंबाखूचे दुष्परिणाम सिद्ध झाल्यावर बर्नेज धूम्रपानाविरुद्धच्या कार्यात सामील झाले आणि उतारवयात तर जनसंपर्क करणाऱ्यांना सरकारी परवाना सक्तीचा करावा, असा आग्रह त्यांनी धरला. या व्यवसायाचा पाया घालणाऱ्या माणसालाच शेवटी त्याला लगाम हवा असे वाटावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

त्यांच्याही आधीचे नाव आयव्ही ली यांचे. हे मूळचे वार्ताहर. १९०६ साली ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पुलावरून आगगाडी पाण्यात कोसळली आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली. तोपर्यंत रेल्वे कंपन्यांची रीत अशी, की अपघात झाला की वार्ताहरांना जवळ फिरकू द्यावयाचे नाही. ली यांनी कंपनीचे मन वळवले, वार्ताहरांना कंपनीच्या खर्चाने अपघातस्थळी नेले आणि हाती असलेली माहिती लेखी स्वरूपात त्यांना दिली. आज ज्याला आपण प्रसिद्धिपत्रक म्हणतो त्याच्या पहिल्या नमुन्यांत त्या कागदाची गणना होते. पण याच ली यांनी पुढे १९३०च्या दशकात जर्मनीतील एका बड्या रासायनिक उद्योगाला सल्ला दिला. तेव्हा तेथे नाझी राजवट आली होती. त्या कामाबद्दल १९३४ साली अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे त्यांना जबाब द्यावा लागला.

मी या दोन कथा मुद्दाम सांगितल्या. जनसंपर्काच्या विद्येला जन्मापासूनच दोन तोंडे आहेत. एक लोकांना दार उघडून देणारे आणि दुसरे लोकांच्या डोळ्यांवर झापड बांधणारे. ही विद्या शिकणाऱ्याने पहिल्या दिवसापासून दोन्ही ओळखली पाहिजेत. ज्या अभ्यासक्रमात केवळ यशाच्या कहाण्या सांगतात, तो अभ्यासक्रम अपुरा समजावा.

आता प्रत्यक्ष अभ्यासाकडे वळू. आपल्या देशात जनसंपर्काचे शिक्षण बहुतेक ठिकाणी पदवीनंतरच्या एका वर्षाच्या पदविकेच्या रूपाने मिळते. दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था १९६५ साली स्थापन झाली. तिची जाहिरात व जनसंपर्क या विषयाची पदव्युत्तर पदविका देशभर नावाजलेली आहे. २०२४ साली त्या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मुंबईत १९६९ साली स्थापन झालेली झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स आणि भारतीय विद्या भवनाची राजेंद्र प्रसाद यांच्या नावाची संस्था, या दोन्हींनी हा विषय शिकवून अनेक माणसे तयार केली. भोपाळचे माखनलाल चतुर्वेदी पत्रकारिता विद्यापीठ १९९० साली निघाले. इंदूर-ग्वाल्हेरकडील विद्यार्थ्यांना ते जवळचे. नोकरी सांभाळून शिकता यावे म्हणून सायंकालीन वर्गांचीही सोय काही ठिकाणी असते.

विषय साधारणपणे असे असतात : लोकमत म्हणजे काय व ते कसे जाणून घ्यावे, प्रसिद्धिपत्रक, भाषण, गृहपत्रिका व वार्षिक अहवाल यांचे लेखन, पत्रकार परिषद कशी बोलवावी, वर्तमानपत्र, आकाशवाणी, दूरदर्शन आणि आता भ्रमणध्वनीवरील समाजमाध्यमे यांची कामाची पद्धत, अब्रुनुकसानी, कॉपीराइट व माहितीचा अधिकार यांविषयीचे कायदे, संकटाच्या वेळची वागणूक, आणि व्यवसायाची नीती. यांच्या जोडीला काही आठवडे एखाद्या कचेरीत उमेदवारी करावी लागते आणि एक प्रकल्प सादर करून तोंडी परीक्षा द्यावी लागते.

ही यादी ऐकून कोणाला वाटेल, की यात लेखन आणि बोलणे यांचाच भरणा आहे. पण या विषयाचे एक सूत्र आहे आणि मला त्याचे फार मोल वाटते. जॉन मार्स्टन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १९६३ साली ते मांडले. जनसंपर्काच्या कामाच्या चार पायऱ्या त्याने सांगितल्या. पहिली शोध, दुसरी कृती, तिसरी निवेदन आणि चौथी मूल्यमापन. श्रोतेहो, हा क्रम नीट ध्यानात घ्या. लोकांशी बोलणे ही तिसरी पायरी आहे. तिच्या आधी दोन पायऱ्या चढून यावे लागते. लोकांना काय हवे, काय बोचते, हे आधी शोधावयाचे. त्याप्रमाणे संस्थेच्या वागण्यात बदल करावयाचा. आणि मगच तोंड उघडावयाचे. पदविकेच्या वर्षभरात विद्यार्थ्याने ही एकच गोष्ट आत्मसात केली तरी त्याची फी वसूल झाली, असे मी म्हणेन.

एका उदाहरणाने हे स्पष्ट करतो. जनसंपर्काच्या वर्गात घालण्याजोगा एक साधा स्वाध्याय असा : नगरपालिकेच्या वतीने पाणीपुरवठा बंद राहणार असल्याची सूचना लिहा. आपल्या सर्वांच्या परिचयाची सूचना अशी असते, की 'काही अपरिहार्य तांत्रिक कारणास्तव शहराच्या काही भागांतील पाणीपुरवठा विस्कळीत होण्याची शक्यता असून नागरिकांनी सहकार्य करावे.' व्याकरणदृष्ट्या हे वाक्य निर्दोष आहे. पण ज्या बाईला उद्या पहाटे उठून पाण्याची तजवीज करावयाची आहे तिला यातून काय कळले? कोणता भाग, कोणता दिवस, किती वेळ, आणि सहकार्य म्हणजे नेमके काय, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर या वाक्यात नाही.

आता दुसरी सूचना ऐका. 'बुधवारी सकाळी सहापासून गुरुवारी सकाळी सहापर्यंत प्रभाग चार ते सात यांत नळाला पाणी येणार नाही. मुख्य जलवाहिनीचा फुटलेला सांधा बदलावयाचा आहे. मंगळवारी संध्याकाळी एक तास जादा पाणी सोडू. ते भरून ठेवावे. ज्यांच्या घरी साठवणीची सोय नाही त्यांच्यासाठी शाळेच्या मैदानापाशी बुधवारी सकाळी व संध्याकाळी टँकर उभा राहील.' या सूचनेत एकही अवघड शब्द नाही. परंतु ही सूचना टेबलापाशी बसून लिहिता येत नाही. ती लिहिणाऱ्याला इंजिनिअरकडे जाऊन विचारावे लागते, की सांधा कोठला, काम किती तासांचे. साठवणीची सोय नसलेली घरे कोणती, हे शोधावे लागते. आणि समजा, टँकर ठेवण्याचे कोणाच्याच मनात आले नव्हते, तर सूचना लिहिणाऱ्यालाच साहेबांपुढे उभे राहून म्हणावे लागते, की महाराज, टँकरची व्यवस्था केल्याखेरीज मला हे शेवटचे वाक्य लिहिता येत नाही.

जनसंपर्काचे काम सुरू होते ते तेथे. सूचना सुधारावयास निघालेल्या माणसाने व्यवस्था सुधारली. केवळ शब्द गोंडस करून काम भागवणारा आणि शब्द खरे ठरावेत म्हणून काम बदलावयास लावणारा, या दोघांत जो फरक आहे, तोच प्रसिद्धी आणि जनसंपर्क यांत आहे.

जेम्स ग्रुनिग आणि टॉड हंट या दोन अभ्यासकांनी १९८४ साली जनसंपर्काचे चार प्रकार सांगितले. ते आज बहुतेक सर्व अभ्यासक्रमांत शिकवले जातात. पहिला प्रकार केवळ गाजावाजा करण्याचा. त्यात खरेखोटे पाहिले जात नाही. दुसरा खरी माहिती देण्याचा. पण माहिती एकाच दिशेने वाहते. तिसऱ्यात लोकांचे म्हणणे ऐकतात खरे, पण ते आपले म्हणणे त्यांच्या गळी कसे उतरवावे हे ठरवण्यापुरते. चौथ्या प्रकारात संस्था आणि लोक हे दोघेही एकमेकांचे ऐकून आपापल्या वागण्यात बदल करतात. हा चौथा प्रकार दुर्मीळ आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु कोणतीही विद्या शिकताना तिचा उत्तम नमुना दृष्टीपुढे ठेवूनच शिकावे लागते. आपल्या गावातील बँक, दवाखाना, वीजमंडळ, किंबहुना शाळासुद्धा, या चारांपैकी कोणत्या प्रकारात बसते, याचा विचार आपण प्रत्येकाने करून पाहावा.

कृतीआधी शब्द आले म्हणजे काय होते आणि शब्दांआधी कृती आली म्हणजे काय होते, हे दाखवणाऱ्या दोन घटना १९८०च्या दशकात घडल्या.

१९८२ साली अमेरिकेत शिकागो शहराच्या परिसरात टायलेनॉल नावाच्या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूल घेऊन सात माणसे मरण पावली. दुकानांतील बाटल्यांत कोणा अज्ञात माणसाने सायनाइड मिसळले होते. कारखान्याचा यात दोष नव्हता. तरीही जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने जाहिराती थांबवल्या, औषध घेऊ नका असे लोकांना सांगितले आणि देशभरातून सुमारे तीन कोटी दहा लाख बाटल्या परत मागवल्या. त्यापायी दहा कोटी डॉलरहून अधिक खर्च आला. पुढे त्याच वर्षी कोणी उघडल्यास लगेच दिसून येईल अशा तिहेरी आवरणात ते औषध पुन्हा बाजारात आले आणि लोकांनी ते विकत घेतले. येथे कंपनीने बोलण्याआधी बाटल्या परत घेतल्या, म्हणून तिचे बोलणे खरे मानले गेले.

दुसरी घटना आपल्याच देशातील. १९८४ च्या डिसेंबर महिन्यात २ आणि ३ तारखेच्या मधल्या रात्री भोपाळमधील युनियन कार्बाइडच्या कीटकनाशकांच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट नावाचा विषारी वायू सुटला. हजारो माणसे मेली आणि त्याहून कितीतरी पट माणसे जन्मभराची अधू झाली. कारखान्याच्या भिंतीला लागून राहणाऱ्या वस्तीला आत काय तयार होते आणि ते सुटले तर काय करावे, हे कधी कोणी सांगितले नव्हते. तोंडावर ओला कपडा धरावा, एवढी साधी गोष्टही त्यांना ठाऊक नव्हती. पहाटे रुग्णालयात लोटलेल्या गर्दीवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही त्या वायूची पुरेशी माहिती मिळाली नाही.

या दोन घटनांची तोलून बरोबरी करता येणार नाही. एकीत बाहेरच्या माणसाने केलेला गुन्हा होता, तर दुसरी कारखान्यातच घडली. आणि भोपाळची जखम मूळ यंत्रांची आणि निष्काळजीपणाची आहे. ती केवळ माहितीच्या अभावाने झाली असे म्हणणे मृतांवर अन्याय करणारे ठरेल. पण तेथे योग्य वेळी योग्य शब्द पोहोचले असते, तर काही जीव खचित वाचले असते. माहिती देणे ही शोभेची बाब नाही, ती कधीकधी जीवनमरणाची बाब असते, हे त्या रात्रीने शिकवले. त्यानंतर १९८७ साली आपल्या कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोक्याच्या कारखान्यांनी संभाव्य धोके व त्यांवरील उपाय यांची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांना देणे बंधनकारक झाले. ज्याला कारखान्याचा जनसंपर्क अधिकारी व्हावयाचे आहे, त्याने हे कलम पाठ करून ठेवावे.

माहिती देणे हा उपकार नसून कर्तव्य आहे, ही जाणीव आपल्या देशात कायद्यानेही पुढे नेली. गोव्याने १९९७ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा केला, महाराष्ट्राने २००२ साली, आणि २००५ साली तो देशभर लागू झाला. त्या कायद्याप्रमाणे अर्ज केल्यापासून सर्वसाधारणपणे तीस दिवसांत माहिती द्यावी लागते. एखाद्याच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत. शिवाय पुष्कळशी माहिती कोणी न मागताच प्रसिद्ध करावी, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे.

आता या पदविकेच्या बाबतीत आपल्यासारख्या, महाराष्ट्राच्या कडेला किंवा बाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना जो प्रश्न विशेष छळतो त्याकडे येतो. तो प्रश्न भाषेचा. आमचा मुलगा मराठी शाळेत शिकला, त्याला फडाफडा इंग्रजी येत नाही, मग त्याचा या धंद्यात निभाव कसा लागावा, असे पालक काळजीने विचारतात. इंग्रजी लागते, हे नाकारता येत नाही. ते मेहनतीने मिळवावे लागेल. मोठ्या शहरांतील कंपन्यांचा बराचसा पत्रव्यवहार त्या भाषेत चालतो आणि परीक्षाही बहुधा त्याच भाषेत असते.

परंतु नाण्याला दुसरी बाजू आहे. आमच्या सीमाभागातला मुलगा घरी कोकणी किंवा मराठी बोलतो, बाजारात कानडी बोलतो, रेल्वेत हिंदी बोलतो आणि कचेरीचा कागद इंग्रजीत वाचतो. बडोद्याच्या मुलाला गुजराती येते, हैदराबादच्या मुलीला तेलुगू आणि दख्खनी. आजीला बँकेचे पत्र समजावून सांगताना ही मुले लहानपणापासून तेच काम करत आलेली असतात ज्याला अभ्यासक्रमात मोठे नाव आहे. एकाचे म्हणणे दुसऱ्याच्या भाषेत, अर्थ न सांडता, पोहोचवणे. ज्या जनांशी संपर्क साधावयाचा ते जन इंग्रजीत रडत नाहीत आणि इंग्रजीत तक्रारही करत नाहीत.

भारतीय जनसंपर्काची पाठ्यपुस्तके बहुधा सम्राट अशोकाच्या शिलालेखांपासून सुरू होतात. पुष्कळदा तेथे एक परिच्छेद लिहून लेखक पुढे जातो. मला त्या लेखांतील वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. अशोकाने आपल्या आज्ञा विद्वानांच्या संस्कृतात न कोरता लोकांच्या प्राकृतात कोरल्या. वसईजवळच्या सोपाऱ्याला आणि कर्नाटकातील मास्कीला त्याचे लेख सापडले ते प्राकृतात. पण अफगाणिस्तानात कंदाहारला १९५८ साली जो लेख उजेडात आला, तो ग्रीक आणि अरामाईक अशा दोन भाषांत आहे, कारण तेथील प्रजा त्या भाषा जाणणारी होती. राजाने प्रजेला आपली भाषा शिकावयास लावले नाही. तो प्रजेच्या भाषेत बोलला. तेवीसशे वर्षांपूर्वीचा हा धडा आजही पदविकेच्या पहिल्या तासाला शोभण्यासारखा आहे.

या विद्येला नोकऱ्या कोठे आहेत, हेही सांगितले पाहिजे. खासगी कंपन्या आणि जनसंपर्काच्या पेढ्या मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत. पण बँका, रुग्णालये, विद्यापीठे, सहकारी संस्था, महानगरपालिका आणि स्वयंसेवी संस्था यांनाही अशी माणसे लागतात. सरकारचीही खाती आहेत. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचे मूळ १९१९ साली निघालेल्या एका लहानशा कक्षात आहे. महाराष्ट्रात माहिती व जनसंपर्क महासंचालनालय आहे आणि त्याचे अधिकारी जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. गोव्यात माहिती व प्रसिद्धी खाते आहे. कर्नाटकात वार्ता व सार्वजनिक संपर्क खाते आहे. मध्य प्रदेशात जनसंपर्क विभाग आहे. सरकारी जागांसाठी त्या त्या राज्याची परीक्षा आणि पात्रतेचे नियम वेगळे असतात. त्यामुळे पदविकेला प्रवेश घेण्यापूर्वीच ते नियम मागवून वाचावेत.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ही पदविका म्हणजे धंद्याचा परवाना नव्हे. वैद्यकीय पदवी व नोंदणी नसलेल्या माणसाला आपल्याकडे डॉक्टरी करता येत नाही. परंतु जनसंपर्काच्या बाबतीत असा कोणताही कायदा भारतात नाही. ब्राझीलने मात्र १९६७ साली कायदा करून हा व्यवसाय शिक्षित व्यक्तींपुरता राखला. आपल्याकडे जनसंपर्क व्यावसायिकांची राष्ट्रीय संस्था १९५८ साली स्थापन झाली. २१ एप्रिल १९६८ रोजी दिल्लीला भरलेल्या तिच्या परिषदेत, त्याआधी तीन वर्षे अथेन्समध्ये मान्य झालेली आंतरराष्ट्रीय आचारसंहिता तिने स्वीकारली. ती तारीख आज राष्ट्रीय जनसंपर्क दिन म्हणून पाळली जाते. पण आचारसंहिता मोडणाऱ्याला धंदा बंद करावयास लावण्याचा अधिकार कोणाला नाही. तेव्हा या धंद्यात पदविकेच्या कागदापेक्षा माणसाचा शब्द अधिक काळ टिकतो, हे विद्यार्थ्याने ओळखून असावे.

मग संस्था निवडावी कशी? पालकांनी संकोच न करता चार गोष्टी विचाराव्यात. या पदविकेला कोणत्या विद्यापीठाची किंवा परिषदेची मान्यता आहे, आणि ती लेखी दाखवाल का? शिकवणाऱ्यांपैकी कितीजणांनी हे काम स्वतः केले आहे? उमेदवारीची जागा संस्था मिळवून देते, की ती विद्यार्थ्याने स्वतः शोधावयाची? आणि गेल्या दोन-तीन वर्षांत शिकून गेलेल्या विद्यार्थ्यांशी आम्हांला बोलता येईल का? नोकरीची हमखास हमी देणाऱ्या रंगीत माहितीपत्रकापासून चार हात दूर राहावे. जी संस्था स्वतःविषयी अतिशयोक्ती करते, ती आपल्या मुलांना खरे बोलण्याची विद्या काय शिकवणार?

विद्यार्थ्यांनाही दोन शब्द सांगतो. रोज तीन भाषांतली वर्तमानपत्रे वाचा आणि एकच बातमी तिन्ही ठिकाणी कशी बदलते ते पाहा. आपल्या गावातील एखादी पतपेढी, ग्रंथालय किंवा दवाखाना निवडा आणि तेथे येणाऱ्या वीस माणसांना काय अडते ते विचारून लिहून काढा. हाच आपला पहिला प्रकल्प. आता संगणकावर प्रसिद्धिपत्रक क्षणात लिहून देणारी यंत्रे निघाली आहेत; तेव्हा नुसते सफाईदार लिहिता येण्याला पूर्वीइतका भाव राहणार नाही. मजकूर खरा आहे की नाही हे पडताळण्यासाठी पायी चालत जाणे आणि खरा नसेल तर मालकासमोर तसे सांगणे, हे काम मात्र माणसालाच करावे लागेल.

त्यासाठी हिंमत लागते, आणि तिची परीक्षा कोणत्याही विद्यापीठात होत नाही. ती नोकरीच्या पहिल्या वर्षातच होते. एखादे दिवशी वरिष्ठ एक कागद पुढे सरकवतात आणि म्हणतात, हे असे छापून आणा. कागदावरील मजकूर अर्धाच खरा असतो. महिन्याचा पगार, घरचे हप्ते, धाकट्या भावंडांचे शिक्षण, हे सारे त्या क्षणी डोळ्यांपुढे उभे राहते. अशा वेळी उर्मटपणा उपयोगी पडत नाही आणि मुकाट्याने मान डोलावणेही बरे नव्हे. 'साहेब, हे उद्या उघडकीस आले तर संस्थेचे नाव जाईल. त्यापेक्षा एवढी दुरुस्ती करू आणि खरे तेच सांगू,' असे आदराने पण ठामपणे म्हणता आले पाहिजे. वर्षभर शिकलेला शोध, कायदा आणि जुन्या घटनांचे दाखले त्या वेळी पाठीशी उभे राहतात. असे म्हणणारा माणूस संस्थेचा खरा हितचिंतक असतो, आणि बाहेर उभ्या असलेल्या लोकांचाही.

म्हणून श्रोतेहो, आपल्या घरातील कोणी जनसंपर्क शिकतो म्हणाले, तर त्याला हसू नका आणि आंधळेपणाने फीही भरू नका. त्याला एवढेच विचारा, की तू बोलावयास शिकणार आहेस, की आधी ऐकावयास आणि मग बदलावयास लावण्यास? त्याने दुसरे उत्तर मनापासून दिले, तर त्याला आशीर्वाद द्या. आपल्या नगरपालिकांना, बँकांना, दवाखान्यांना आणि कारखान्यांना अशा माणसांची फार निकड आहे.